उतार

“कंडक्टर, ह्याला आधी खाली उतरवा. बायाबापड्या बसल्यात गाडीत,” असं तिसऱ्या बाकावरचे गुरुजी म्हणाले तेव्हा रोहिदासने त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. पाय फाकवून ठेवलेले होते आणि एक उचलायच्या आधी दुसरा पत्रा चाचपून बघत होता. माणूस खोडाळ्याला चढला होता. घाटाच्या वळणावर गाडी झुकली तसा तो एका बाईच्या टोपलीवर गेला, टोपलीतला सुका बोंबील पायांखाली पसरला, बाई ओरडली, आणि तो गुरुजींच्या गुडघ्यावर हात दाबून कसाबसा उभा राहिला. प्यालेला माणूस सैल हाताने सावरतो, हा बोटं रुतवत होता. प्यालेल्याचे डोळे मिटायला लागतात. ह्याचे ताणलेले होते, खिडकीच्या एका गजावर खिळलेले, तो गज सुटला तर सगळंच सुटेल असे. गाडीतल्या एवढ्या माणसांत हे फक्त रोहिदासला दिसत होतं, कारण तो स्वतःही त्याच क्षणी डाव्या हाताने वरचा दांडा धरून, कंबर बाकाच्या कडेला टेकवून, समोरच्या पाटीवर डोळे रोवून उभा होता. मग त्याने तोंड पाहिलं. ते ओळखीचं निघालं. त्र्यंबकच्या बाकड्यावरचा लक्ष्या.

“कुठं ढोसून आलास रं?” गुरुजींनी विचारलं. लक्ष्याने मान भलत्याच बाजूला वळवली आणि गरजेपेक्षा फार मोठ्याने “काय?” म्हणाला. मागे हशा पिकला. कानही गेलाय ह्याचा, रोहिदासच्या मनात आलं. माझा निदान कान तरी वाचला. हे मनात येऊन गेल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली, पण तेवढ्यात गुरुजी पुन्हा म्हणाले, “अहो, बघत काय बसलात? का तुम्हालाही तो भाऊबंद वाटतो?” आणि त्यावर दोघंतिघं जरा जास्तच हसले. डेपोतली कुजबुज सूर्यमाळपर्यंत पोचली होती तर. रोहिदासचा हात घंटीच्या दोरीकडे गेला. एक टोला पडला. गाडी थांबली.

“उतर,” तो म्हणाला. हा आवाज त्याने बाजाराच्या दिवशी चढणाऱ्या दारुड्यांसाठी ठेवलेला होता. लक्ष्याने आता त्याच्याकडे पाहिलं, आणि गाडी उभी असल्यामुळे त्याला तोंड नीट दिसलं असावं. ओळख पटल्याचं रोहिदासला स्पष्ट दिसलं, भुवया उचलल्या गेल्या, ओठ अर्धे उघडले. आता हा बोलणार. आता म्हणणार की दादा, तुम्ही तर.  पण लक्ष्या एवढंच म्हणाला, “माझा पाडा पुढं हाय. अंधार पडंल.”

“अंधाराला भितो!” कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. अंधार म्हणजे काय ते दोघांना माहीत होतं.  दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून, पायरीखाली जमीन आहे की नाही ते अंगठ्याने तपासत लक्ष्या उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला, सागाच्या एका खोडाला तळहात लावून. सूर्य डोंगरामागे गेलेला होता. रोहिदासने दोन टोले दिले.

पुढच्या वळणांवर त्याने तिकिटं तपासल्यासारखं केलं. भात झोडून झाल्यावरचे दिवस, गाडीत पेंढ्याचा आणि सुक्या मासळीचा वास, खिडक्यांतून येणारी सूर्यमाळची थंडी. बाई बोंबील वेचत होती. गुरुजी त्याला जरा मानाने म्हणाले, “बरं केलंत. ह्या लोकांना असंच पाहिजे,” आणि त्याने मान हलवली. मान हलवली की समोरचं सगळं पाण्यातल्यासारखं हलतं, म्हणून तो शक्यतो मान हलवत नसे. पण आता हलवली आणि गुरुजींचं तोंड वरखाली पसरत गेलं, एका तोंडाची तीन झाली, मग पुन्हा एक. तीन वर्षांत ह्याची सवय झाली होती असं त्याला वाटे. चालताना जव्हारच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या उड्या मारत, वाचायच्या तर थांबावं लागे. समोरून येणारा माणूस कोण ते थांबल्याशिवाय कळत नसे, आणि थांबून बघेपर्यंत माणूस निघून गेलेला असे. रोहिदास महाले हल्ली ओळख देत नाही, असं लोक म्हणू लागले. अंघोळीला तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणी कलंडे. पहिल्यांदा पडला तेव्हा बादलीची कड कपाळाला लागली होती. देवापुढे हात जोडतानाही तो डोळे उघडे ठेवी. गाडीत मात्र त्याला बरं वाटे. गाडीत सगळेच हलतात, सगळेच धरून उभे असतात, घाटात कोणाचाच तोल कोणाच्या ताब्यात नसतो. खरी भीती गाडी थांबल्यावर, खाली उतरून सपाट जमिनीवरून कंट्रोलरच्या खिडकीपर्यंत चालत जायचं असे तेव्हा. डेपोच्या त्या आवारातच पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं होतं, महाले आज सकाळीच लावून आलेत वाटतं.

त्र्यंबकला जायचं त्याच्या बायकोने, जयश्रीने ठरवलं होतं. जव्हारच्या सरकारी दवाखान्यात औषध फुकट होतं, पण तिथे बाकड्यावर बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत गावभर होतो. त्याची पहिली औषधं त्याने बरं वाटायला लागल्यावर मध्येच सोडली होती, गोळ्यांनी लघवी लाल होते म्हणून डेपोच्या मुतारीत जायची लाज वाटे. खोकला परतला, थुंकीत रक्त आलं. मग नाशिक गाडीची ड्यूटी मागून घेतली आणि त्र्यंबकला एका खाजगी डॉक्टरकडे रोजचं इंजेक्शन सुरू झालं. हिरव्या भिंतीची अरुंद खोली, बाहेर एक लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर लक्ष्या आधीच बसलेला असे. द्राक्षबागेत कामाला आलेला, अंगावर औषध फवारल्याचे निळे डाग. “आज कुठल्या अंगाला, दादा?” तो विचारी, कारण एक कुल्ला सुजला की दुसरा पुढे करावा लागे, आणि दोघंही लंगडत बाहेर पडले की लक्ष्या हसे. त्याच्या गावापासून दूर, आपल्या गावापासून दूर, त्या बाकड्यावर रोहिदास जितका मोकळा बसला तितका घरीही बसला नव्हता. टीबी हा शब्द तो फक्त लक्ष्यापुढे मोठ्याने बोलला होता.

महिने गेले. वजन वाढलं, रक्त थांबलं. एक दिवस दवाखान्याच्या पायरीवरून उतरताना पायरी पायाखालून बाजूला सरकली. लक्ष्याने त्याला दंडाला धरलं. “मलापन असंच होतं, दादा. जमीन हालं. कानात रातकिडं वरडं.” दोघांनी आत जाऊन कंपाउंडरला सांगितलं. कंपाउंडर म्हणाला, अशक्तपणा आहे, अंडी खात जा. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले. थांबवावं असं कोणाला वाटलं नाही. एकदा थांबवून पाहिलेलं होतं, पुन्हा रक्त नको होतं. इंजेक्शनाने टीबी खरंच मेला. तो मेल्यावरही काही आठवडे खबरदारी म्हणून सुई चालू राहिली, आणि रोहिदास भिंतीला बोट लावून चालायला शिकला.

पुढे नाशिकला कानाच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटून उभं केलं आणि तो झाडासारखा आडवा जाऊ लागल्यावर दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं, घाई न करता. कानाच्या आत ऐकण्याचं एक यंत्र असतं आणि तोल राखण्याचं एक. ह्या कुळातली इंजेक्शनं, हे स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याची भावंडं, जंतू मारतात पण काहींच्या कानातल्या ह्या यंत्राचे केसही मारतात. “ते केस पुन्हा उगवतात का?” त्याने विचारलं होतं. “नाही हो,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांनी आणि पायांनी चालायला शिका. आणि अंधारात चालू नका. अंधारात तुम्हाला खाली-वर कळणार नाही.” घरी येऊन त्याने हे जयश्रीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, “डेपोत काय सांगाल? टीबी झाला होता, त्याच्या औषधानं असा झालो? गाडीवरून काढतील. आणि नीताचं पुढं काय? तिला बघायला येणारे पहिलं हेच विचारतील.”  ती म्हणाली, “म्हणू दे लोकांना, घेतात म्हणून. कोणाचा नवरा घेत नाही? दारूचं लोक विसरतात.” तिच्या माहेरी तिनेच पहिल्यांदा सांगितलं, हल्ली थोडी घेतात, आणि तिच्या भावाने पुढच्या भेटीत त्याच्याकडे ज्या कीवेने पाहिलं ती कीव त्याने एखाद्या नव्या सदऱ्यासारखी अंगावर घालून घेतली. आयुष्यात दारूचा घोट न घेतलेला माणूस तो. त्यांची लेक नीता तेव्हा नववीत होती. एकदा दुपारी तो खाटेवर डोळे मिटून पडला असताना ती जवळ आली आणि त्याच्या तोंडाजवळ नाक आणून तिने वास घेतला. तो जागा होता. तिचा श्वास त्याच्या ओठांना लागला. काहीच वास न आल्यावर ती तशीच वाकून राहिली, मग हळूच निघून गेली, आणि त्या दिवसापासून ती त्याच्याशी जरा जास्तच सभ्यपणे वागू लागली, बिनवासाचं काहीतरी पिणाऱ्या, जास्त लबाड माणसाशी वागावं तसं.

सूर्यमाळला गाडी मुक्कामाला थांबली तेव्हा काळोख झाला होता. ड्रायव्हर धर्मेंद्र खाली उतरून रोजच्यासारखा दारापाशी येऊन उभा राहिला आणि त्याने न बोलता खांदा पुढे केला. हा भला माणूस होता. महाल्यांना संध्याकाळी जरा जड होतं, एवढंच त्याचं म्हणणं, आणि तेही तो फक्त स्वतःशी म्हणत असे. रोहिदासने खांद्याला धरलं. पायांखाली जमीन होती, पण ती जमीन असल्याचं कोणी सांगत नव्हतं. धर्मेंद्रचा खांदा नसता तर तो आत्ता चार पावलांवर पडला असता, सपाट मैदानात. आणि तिकडे मागे घाट होता, एका बाजूला दरी.

“धर्मेंद्र,” तो म्हणाला.

“बोला.”

गाडी मागे घे, असं म्हणायचं होतं. पण का, हे सांगावं लागलं असतं. एका बेवड्यासाठी? असं धर्मेंद्रने विचारलं असतं, आणि त्याला उत्तर द्यायचं म्हणजे पहिल्या सुईपासून सगळं. रोहिदास म्हणाला, “गार पडलंय आज.” धर्मेंद्र हो म्हणाला. गाडीतच बाकावर अंथरूण घालून ते पडले. जव्हारहून निघताना जयश्रीने दिलेला डबा त्याने उघडला नाही. तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला आणि आत कुठेतरी सारखं एकच वाक्य चालू राहिलं, लक्ष्या बोलला असता तरी चाललं असतं. तो बोलला नाही, हेच सहन होत नव्हतं. लक्ष्याच्या जागी आपण असतो तर सगळ्या गाडीपुढे ओरडून सांगितलं असतं की हा कंडक्टरही तसलाच आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी पहिल्या उजेडात गाडी निघाली. दोन बायका होत्या, मोखाड्याला निघालेल्या, आणि एक म्हातारा. त्या वळणापाशी रोहिदासने टोला दिला. सागाखाली कोणी नव्हतं. दरीच्या बाजूला तो कडेपर्यंत गेला, एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवून, आणि खाली वाकून पाहायची त्याची हिंमत होईना, कारण वाकलं की दरी वर येते. “काय झालं?” धर्मेंद्र खिडकीतून म्हणाला. “कालच्या माणसाला बघतो.” धर्मेंद्रने त्याच्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं, आणि स्वतःच कडेला येऊन खाली पाहिलं. “कोणी नाही. पाडा मागं राहिला, चला, गाडी मागं घेतो.” पाड्याच्या फाट्यावर गाडी उभी करून तो म्हणाला, “जाऊन या. मी बायकांना सांगतो, गाडी तापली.”

पायवाट उताराची होती. रोहिदास एकेक पाऊल बघत, कुडाचे खांब धरत उतरला. पहिल्याच घराच्या अंगणात लक्ष्या बसला होता, भिंतीला टेकून. दोन्ही गुडघे सोललेले, तळहातांत खडे रुतलेले, डावं मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं. एक बाई, रुपी, त्याची बायको, कोमट पाण्यात फडकं बुडवून गुडघे पुसत होती. रोहिदासचा खाकी गणवेश पाहून ती उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं हे तिच्या उभं राहण्यातच होतं.

“आता काय राहिला न्यायचा?” ती म्हणाली.

“रुपे,” लक्ष्या म्हणाला, “ह्यो तो बाकड्यावरचा दादा.” तो एवढ्या मोठ्याने बोलला की शेजारची कोंबडी उडाली. मग रोहिदासकडे वळून म्हणाला, “बसून राहिलो व्हतो झाडापाशी. पन लय थंडी. मंग रांगत आलो. रांगताना पडत नाय मानूस. एकदाच पडलो, नाल्यात.” आणि तो थोडा हसला, लंगडत बाहेर पडताना हसायचा तसा.

रोहिदास अंगणात खाली बसला. उभं राहून हे ऐकणं शक्य नव्हतं. “तू बोलला का नाहीस गाडीत?” त्याने विचारलं, आणि लक्ष्याने कान पुढे केला म्हणून त्याला तेच ओरडून विचारावं लागलं. ओरडून विचारल्यावर ते रागावल्यासारखं वाटलं.

“तुमची नोकरी हाय ना,” लक्ष्या म्हणाला. जणू दुसरं काय उत्तर असणार. “तुमी खाकी घालून व्हता. मी म्हनलं, दादानं लपवलंय. ऱ्हाऊ दे.”

रुपी म्हणाली, “आन् तुमी?” एवढंच. रोहिदासला वाटलं की तिने शिव्या द्याव्यात, पाण्याचं भांडं अंगावर ओतावं. तिने पुन्हा फडकं बुडवलं. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याच्याजवळ अजून तयार नव्हतं, म्हणून तो म्हणाला, “हात मोडलाय. जव्हारला दवाखान्यात नेतो.” लक्ष्या नको म्हणाला, रुपी हो म्हणाली. चढावर रुपी पुढे चालली आणि ते दोघं मागून, लक्ष्याचा चांगला हात रोहिदासच्या खांद्यावर, रोहिदासचा हात कुडावर, मग झुडपांवर, मग कशावरच नाही. दोघंही एकाच वेळी एकाच बाजूला कलत होते. एकमेकांना धरून त्यांचा तोल सावरण्याऐवजी दुप्पट जात होता. फाट्यावरच्या बायकांनी त्यांना येताना पाहिलं. “जोडी बघा,” एक म्हणाली. “दोघंबी सकाळीच.” रोहिदासने ते ऐकलं. लक्ष्याला ऐकू आलं नाही, हे बरं झालं असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, ह्यातही आपण आपलीच सोय बघतोय. त्याने लक्ष्याला कंडक्टरच्या जागेवर बसवलं आणि स्वतः जव्हारपर्यंत उभा राहिला.

जव्हारच्या स्टँडवर त्या वेळी कॉलेजची पोरं असतात. नीता तिच्या मैत्रिणीला उतरवून घ्यायला येई, विक्रमगडच्या गाडीवर. बापलेकींचा एक न बोललेला करार होता, बापाची गाडी लागली की लेकीने वेळापत्रकाच्या फळ्याकडे तोंड करायचं आणि बापाने तिला पाहिलं नाही असं दाखवून कंट्रोलरकडे निघून जायचं. आजही ती फळ्याकडे वळली. तिची वेणी, निळी ओढणी, तो फळा. रोहिदास लक्ष्याचा दंड धरून खाली उतरला, आवाराचं डांबर डावीकडे सरकलं, उजवीकडे आलं, कोणीतरी “आज कुमक घेऊन आलेत महाले,” म्हणालं. नीताचे खांदे वर झाले, मार चुकवताना होतात तसे. ते खांदे पाहिले आणि त्याने हाक मारली.

“नीता.”

तिने वळून पाहिलं नाही. त्याने पुन्हा मारली. मग ती आली, झपाझप, चेहरा तापलेला, आणि खालच्या आवाजात म्हणाली, “बाबा, इथं तरी नको ना. प्लीज.”

“मी पीत नाही,” तो म्हणाला.

“बरं.”

“कधीच प्यालो नाही. मला टीबी झाला होता. तू नववीत असताना. हा लक्ष्या, आम्ही त्र्यंबकला बरोबर इंजेक्शनं घेत होतो. त्या इंजेक्शनांनी आमच्या दोघांचा तोल गेला. टीबी बरा झाला, पण तोल येत नाही परत.” बाजूला नाशिकची गाडी सुरू होती, म्हणून त्याला हे मोठ्याने बोलावं लागलं, आणि मध्येच ड्रायव्हरने इंजिन बंद केल्यावर शेवटचं वाक्य सगळ्या स्टँडला ऐकू गेलं. नीताची मैत्रीण नकळत एक पाऊल मागे सरकली. धर्मेंद्र हातात किल्ली घेऊन तिथेच उभा होता. लक्ष्याला शब्द कळले नसावेत, पण काय बोलणं चाललंय ते कळलं असावं, कारण त्याने सुजलेला हात छातीशी धरून मान डोलावली.

नीता म्हणाली, “आईला माहीत आहे?”

“हो.”

तिने एकदाच मान हलवली. तिला टीबीचं काही वाटलं नसावं, पण ह्या ‘हो’चं वाटलं. तीन वर्षं घरातली दोन माणसं तिच्यासमोर बसून तिला एक खोटं जेवायला वाढत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. यायला हवं होतं असं त्याला वाटलं, मग तिला जवळ घेता आलं असतं.

ह्या सकाळनंतर जे व्हायचं ते झालं. त्याने अर्ज दिला, ठाण्याला तपासणी झाली, गाडीवरून त्याला काढलं आणि चौकशीच्या खिडकीत बसवलं. जयश्री आठवडाभर बोलली नाही, मग एकदा मीठ मागितल्यावर बोलली. तिच्या भावाने घरी चहा घेणं सोडलं. उलट धर्मेंद्र मात्र संध्याकाळी खिडकीपाशी येऊन खांदा पुढे करायचा, पूर्वीसारखाच. नीताला बघायला आलेल्या पहिल्या लोकांनी खरंच तेच विचारलं आणि पुन्हा आले नाहीत. जयश्रीचं काहीही चुकलेलं नव्हतं. हे सगळं खरं होणार हे त्याला स्टँडवर उभं असतानाच दिसत होतं, आणि तरीही त्याला हलकं वाटलं होतं, थोडा वेळ, दवाखान्याच्या चढापर्यंत.

त्या सकाळी चढावर नीता पुढे चालली. मैत्रिणीला तिने जायला सांगितलं होतं. रुपी लक्ष्याच्या बाजूला होती. रोहिदास भिंतीला बोट लावून मागून. “ह्यांचा हात कसा मोडला?” नीताने रुपीला विचारलं. रुपीने रोहिदासकडे पाहिलं. लक्ष्याला प्रश्न कळला तसा तो मोठ्याने म्हणाला, “पडलो बाय. अंधारात. नाल्यात.” आणि पुन्हा तेच घडलं, त्याच माणसाने पुन्हा त्याला झाकलं, आणि रोहिदासला जाणवलं की झाकून घेणं किती ऊबदार असतं.  टीबी म्हणणं सोपं होतं. टीबी त्याला झाला होता, त्याने केला नव्हता. लेकीच्या नजरेत आत्ता, तीन वर्षांत पहिल्यांदा, तो एक आजारी, बिचारा, खरा माणूस होता. दवाखान्याच्या दारापर्यंत तरी तसं राहावं असं त्याला फार वाटलं.

“मी उतरवलं ह्यांना,” तो म्हणाला.

नीता थांबली.

“काल संध्याकाळी. घाटात. लोक म्हणाले हा प्यालाय. मला माहीत होतं प्यालेला नाही. ओळखतही होतो. अंधार पडणार हेही माहीत होतं. मी उतरवलं.”

ती वळली. उजेड तिच्या मागे होता, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, आणि नीट दिसावा म्हणून तो अगदी स्थिर उभा राहिला, मान न हलवता, श्वास रोखून. लक्ष्या खाली बघत होता, त्याला पुढची जमीन ठरवून ठेवावी लागे. रुपीने पदर तोंडाशी नेला. रस्त्यावरून एक सायकल गेली.  नीता पुन्हा वळली आणि चालू लागली, आता जरा हळू. पाठ ताठ होती. तिच्याकडे बघून चाललं की रस्ता कमी हलतो, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तेवढंही आपण तिच्याकडून फुकट घेतोय असं वाटून त्याने नजर खाली घातली. खाली घातल्याबरोबर तो भिंतीवर आदळला.

“पायरी आहे,” नीता म्हणाली. मागे न बघता, परक्या माणसाला सांगावं तशा कोरड्या आवाजात. थोडं पुढे जाऊन ती पुन्हा म्हणाली, “खड्डा.” तो त्या आवाजाच्या मागे चालत राहिला.